अर्धा देठ

पालेभाजी निवडायची काकूंची एक रीत होती. जुडी मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या नखानं पान टचकन खुडायचं, आणि खुडताना देठ मधोमध मोडायचा. अर्धा काडीला राहिला, अर्धा पानाबरोबर टोपलीत गेला. सासूनं टोकलं, नणंदेनं टोकलं, पुढं लेकीनंही टोकलं, पण रीत काही बदलली नाही. सगळ्यात जास्त टोकलं ते काकांनी, कारण तो देठ शेवटी त्यांच्याच हिरडीला टोचायचा. काकांना कवळी होती. जन्मभर लोकांना कवळ्या करून देणाऱ्या माणसाचे स्वतःचे दात पन्नाशीतच पडावेत, यावर सगळ्या गल्लीनं हसून घेतलं होतं आणि काकांनीही घेतलं होतं. "दिव्याखाली अंधार," असं म्हणून ते घासातला देठ बोटानं काढायचे आणि ताटाच्या कडेला ठेवायचे. "अगं, तू भाजी निवडतेस की तिच्यावर सूड उगवतेस?"

घराची पुढची खोली म्हणजे काकांचं दुकान. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, हिरडीच्या रंगाच्या पुडीचे डबे. मागच्या अंगणात गुलाब. ज्या बारीक कुंचल्यानं काका कवळीवर शेवटचा हात फिरवायचे, तसाच एक कुंचला त्यांनी फुलांसाठी वेगळा ठेवला होता. एका फुलातली पूड दुसऱ्या फुलाला लावायची, फळ धरायची वाट बघायची, बी पेरायचं, आणि उगवलेल्या रोपांतली जवळजवळ सगळी उपटून टाकायची. एक गुलाब मनासारखा उभा राहायला आठ-दहा वर्षं जायची. "एवढ्या वेळात लोक नातवंडांची लग्नं उरकतात," काकू म्हणायच्या.

काकांना लाडावलेला गुलाब नको होता. रस्त्याच्या कडेला, दवाखान्याच्या आवारात, बसथांब्याच्या मागं एकदा लावावा आणि विसरून जावं, असा गुलाब त्यांना हवा होता. त्याला फवारणी लागू नये, वाळकी फुलं खुडायला माणूस लागू नये. पाकळ्या आपल्या आपण गळाव्यात आणि त्याच फांदीवर नवी कळी यावी. हे सगळं ते रोज जेवताना सांगायचे. काकू "हं" म्हणायच्या आणि एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायच्या. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. घरात दुसरी कुठली सवत आली नाही, ही गुलाबाची आली. तिचं कौतुक आपण कशाला ऐकायचं, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. त्यातून ज्या फुलावर काकांचा जीव जडला, त्याचा रंग नेमका कवळीच्या हिरडीचा निघाला. हे काकूंनी पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा काका इतके हसले, की त्यांना कवळी हातानं धरावी लागली.

तो गुलाब काकांनी चाचणी बागेत दिला. शहराच्या टोकाला सरकारी खात्याची ही बाग होती. तिथं ठिकठिकाणचे लोक आपापले गुलाब आणून द्यायचे. नावगाव काही नाही, वाफ्यात फक्त नंबरची पत्र्याची पट्टी, म्हणजे तपासणाऱ्यांनाही कळू नये की झाड कुणाचं. तीन वर्षं झाडाला कुणी हात लावायचा नाही. औषध नाही, छाटणी नाही, वाळकं फूलसुद्धा काढायचं नाही. वर आणखी कहर म्हणजे वाफ्यांच्या मधून मुद्दाम रोगट गुलाबांची एक ओळ लावलेली, काळ्या ठिपक्यांनी भरलेली, म्हणजे रोग सगळ्यांपर्यंत सारखा पोचावा. काकूंना हे ऐकून धक्काच बसला होता.

"म्हणजे वर्गात मुद्दाम गोवर आलेलं पोर आणून बसवायचं?"

"तसंच," काका म्हणाले होते. "त्याशिवाय कसं कळणार कोण किती सोसतं ते?"

पास झालेल्या गुलाबाला नाव मिळायचं आणि खातं तो हजारोंनी लावायचं. काकांनी नाव ठरवून ठेवलं होतं, पण सांगत नव्हते. "बारशाआधी नाव फोडायचं नसतं," एवढंच म्हणायचे. काकूंनी एकदा-दोनदा आडून विचारलं, मग सोडून दिलं. स्वतःच्या आईचं ठेवणार असतील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून काका एकटे बागेत जाईनात. मग काकूही डबा घेऊन बरोबर जायला लागल्या. फाटकाजवळच्या पहिल्या वाफ्यापाशी एक बाक होता आणि त्याच्या हाताला टेकूनच काकांचं झाड वाढलं होतं. दोघं बाकावर बसायचे. थोड्या वेळानं काका काठी घेऊन उठायचे, "जरा बाकीचे बघून येतो" म्हणायचे आणि हळूहळू बागेच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. बाकीचे म्हणजे बाकीच्या लोकांचे, असं काकूंना वाटायचं. काका खरं म्हणजे आपलीच दुसरी दोन झाडं बघायला जायचे. बागेत प्रत्येक गुलाबाची तीन झाडं तीन वेगळ्या वाफ्यांत लावायचे, एखाद्या जागेचा दोष झाडाच्या माथी येऊ नये म्हणून. हेही काकांनी जेवताना कितीदा तरी सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी हवा बरेच दिवस दमट राहिली. पानं दुपारपर्यंत ओलीच असायची. एक दिवस बाकाजवळच्या झाडाची खालची पानं काकूंनी पाहिली, त्यांवर काळे ठिपके आले होते आणि ठिपक्यांभोवती पान पिवळं पडत होतं. काका बराच वेळ त्या पानांकडं बघत बसले. "यातून उठतंय का बघू आता," एवढंच म्हणाले. घरी येऊन अर्धं ताट तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. भाजीत देठ लागला, तरी तो निमूटपणे बाजूला ठेवला, टोमणा मारला नाही. सवत असली म्हणून काय झालं, नवरा तिच्यापायी झुरताना काकूंना बघवत नव्हतं.

त्या दिवशी काका पलीकडं गेले, तेव्हा काकूंनी इकडं तिकडं पाहिलं. माळी लांब नळापाशी होता. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या हात लांब केला आणि एक पिवळं पान टचकन खुडलं. मग दुसरं. पानं पिशवीत डब्याखाली सारली. यात काही वाईट आहे असं त्यांना वाटलं नाही. घरात पाहुणे यायचे म्हणजे आपण पोराचं नाक पुसतोच की. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

मग रोजचंच झालं. काका पलीकडं गेले की काकूंचा हात झाडात. झाड हळूहळू असं स्वच्छ दिसायला लागलं, की येणारेजाणारे थांबून बघायचे. काकाही हरखले. "इथं वारा खेळता आहे," ते म्हणाले. "पान लवकर वाळतं, म्हणून ठिपका धरत नाही. जागेचा गुण बघ." एरवी कवळीतला केसाएवढा उंचवटा बोटाला जाणवणारा हा माणूस, पण आनंदात असला की त्याला भिंग सुचत नाही. घरी पोटभर जेवायला लागले. देठावरून बोलायलाही लागले. काकूंना वाटलं, जन्मात पहिल्यांदा आपण यांच्या गुलाबाच्या कामी आलो. त्या दिवसांत त्या मनातून इतक्या सुखी होत्या, की पुढं तेच आठवून त्यांना जास्त लाज वाटायची.

शेवटच्या पाहणीचा दिवस आला. ज्यांचे गुलाब होते त्यांना बागेत यायची मुभा होती, पण पट्टीवरच्या नंबराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. ते पलीकडं एक चक्कर मारून येईपर्यंत काकूंनी झाडावरून शेवटचा हात फिरवला, दोन पानं सापडली, ती पिशवीत टाकली.

परीक्षक बाई तरुण होत्या, लेकीच्या वयाच्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, बूट चिखलानं भरलेले. त्या बाकाजवळच्या झाडापाशी आल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. काकूंना वाटलं, इतकं सुंदर झाड बघून बाई चकित झाल्या. बाई गुडघ्यावर बसल्या. खालची एक फांदी त्यांनी दोन बोटांत धरली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माळ्याला हाक मारली. मग ऑफिसात कुणाला तरी पाठवलं. तो नंबर कुणाचा ते विचारून माणूस परत आला, तेव्हा बाईंनी काकांकडं पाहिलं.

"काका, जरा इकडं या."

काका काठी टेकत गेले. मागोमाग पिशवी घेऊन काकूही गेल्या.

"पान आपलं आपण गळलं की देठ बुडापासून सुटतो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "फांदीवर नुसता गुळगुळीत वण राहतो. इथं बघा. खालपासून वरपर्यंत अर्धे अर्धे देठ राहिलेत. कुणीतरी खुडलंय. एकदा नाही, रोज."

काकांनी खिशातून भिंग काढलं. कवळीसाठी वापरायचे तेच. फांदीशी ते वाकले आणि बघत राहिले. एक देठ बघितला, त्याच्या वरचा बघितला, मग त्याच्याही वरचा. काकूंना त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीकडं बघताना त्यांना कळलं, की काकांना कळलं. इतकी वर्षं ज्याच्या ताटाच्या कडेला हे देठ जमले, त्याला त्यांचा दुसरा अर्धा ओळखायला भिंगाचीही गरज नव्हती.

काका सरळ झाले. भिंग पुसून खिशात ठेवलं.

"माझंच काम आहे ते," ते म्हणाले. "राहवलं नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्हाला नियम माहीत होता, काका."

"हो."

"मग मला हा नंबर बाद करावा लागेल. तिन्ही झाडं. आणि ज्यानं हात लावला, त्याचा दुसरा कुठला गुलाब बाग पुन्हा घेत नाही."

"तेही माहीत आहे."

"का केलंत हो असं?" आता मात्र बाईंचा आवाज जरा हलला. "ठिपके पडतात का, हे आम्ही बघतच नाही. ठिपके सगळ्यांवर पडतात. पडल्यावर झाड काय करतं, ते बघतो. तुमची पलीकडची दोन झाडं मी काल तपासली. त्यांची खालची पानं गेलीत, पण वरून असा फुटवा आलाय आणि अशा कळ्या धरल्यात, की मी वाफा सोडून हलेना. हे तिसरं नुसतं तसंच राहू दिलं असतंत, तरी पुरे होतं."

"तिसरं?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच जेमतेम ऐकू आला.

त्या क्षणी त्यांना सगळं आठवलं. आमटीचा वाडगा पुढं सरकवताना ऐकलेलं, पाणी ओतताना ऐकलेलं. तीन वाफे. जागेचा दोष. ठिपक्यांचं काही नसतं गं, त्यातून उठतं का ते बघायचं. प्रत्येक वाक्याला त्या "हं" म्हणाल्या होत्या. आणि आता बोलायची वेळ होती. दोन शब्दांचं काम होतं, "मी खुडलं". नंबर कदाचित गेलाच असता, पण काकांवरचा डाग गेला असता, बागेचं फाटक त्यांना उघडं राहिलं असतं. अंगणात दुसरं एक रोप चांगलं धरत होतं, ते पुढं देता आलं असतं. काकूंनी तोंड उघडलं. काका मागं वळले, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल." आणि काकूंची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. एरवी शेजारणीशी भांडताना काकू श्वास घ्यायलाही कधी थांबल्या नव्हत्या.

घरी येताच काका स्वतः स्वयंपाकघरात गेले. पिशवीतून डबा काढला. डब्याखालची दोन पिवळी पानं काढली, जुन्या कागदात नीट गुंडाळली आणि कचऱ्यात टाकली. रोगट पान अंगणातल्या मातीत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता. मग हात धुऊन पुढच्या खोलीत गेले आणि एका गिऱ्हाइकाची कवळी घासत बसले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. काकू वाट बघत होत्या. आज बोलतील, उद्या बोलतील. काका इतर सगळं बोलायचे. नळाचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं, लेकीच्या फोनचं. गुलाबाचा विषय तेवढा घरातून उठून गेला. जेवताना पूर्वी जिथं वाफे आणि फुटवे असायचे, तिथं आता नुसता भांड्यांचा आवाज असायचा. इतकी वर्षं काकूंनी हेच मागितलं होतं, की यांनी जेवताना तेवढा गुलाब पुरे करावा. आता तो पुरा झाला होता, आणि तो आवाज त्यांना सोसवत नव्हता. नाव काय ठरवलं होतं, हेही त्यांनी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? एकदा दुकान झाडताना त्यांना फुलांचा कुंचला सापडला. न धुता ठेवल्यामुळं त्याचे केस ताठ झाले होते.

बाद झालेली झाडं बाग उपटून टाकते. परीक्षक बाईंनी मात्र माळ्याबरोबर एक झाड गोणपाटात बांधून घरी पाठवलं. पलीकडच्या वाफ्यातलं, कुणीही हात न लावलेलं. काकांनी ते मागच्या दाराशी लावलं, पाणी घातलं आणि परत त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. पाहिलं ते काकूंनी. दमट हवा आली तसे त्याच्यावर ठिपके पडले. पानं पिवळी झाली, खालून झाड उघडं पडलं. काकू पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. पानं गळून गेली. काही दिवसांनी उघड्या फांद्यांना तांबूस कोंब आले, कोंबांची पानं झाली, आणि वर हिरडीच्या रंगाच्या फुलांचा घोस आला. फुलं जुनी झाली, पाकळ्या पायरीवर पडल्या. कुणी काहीच केलं नव्हतं. बागेतलं झाडही हेच करणार होतं, आणि आपण करू दिलं नाही, या विचारानं काकूंना पायरीवरच रडू आलं. आत काका कवळी घासत होते. त्यांच्या यंत्राची घरघर मध्येच थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

भाजी मात्र काकू आता वेगळी निवडायच्या. एकेक पान बोटांत धरून, देठ बुडापासून काढून, वेळ लागला तरी चालेल. जन्माची खोड सासूला मोडता आली नव्हती, ती आता आपोआप मोडली. ताटाच्या कडेला काही उरेना. काका जेवायचे आणि उठायचे.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी काकांचा हात ताटातच थांबला.

"आताशा भाजी कोण निवडतं?"

"मीच," काकू म्हणाल्या. "दुसरं कोण आहे घरात?"

"देठ लागत नाहीत."

"नीट निवडते आता."

काका भाजी बोटांनी जराशी पसरून बघत राहिले. "नको निवडूस नीट," ते म्हणाले. "परक्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं."

काकूंच्या हातातली पळी भांड्यातच राहिली.

"अहो, मी तिथंच बोलायला हवं होतं. त्या बाईंच्या समोर."

काकांनी घास संपवला. पाणी प्यायले. मागचं दार उघडं होतं, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही, काकूंकडं पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "बोलायला हवं होतंस."

मग त्यांनी ताट पुढं केलं आणि आणखी भाजी मागितली.